खडा वेगळा, शिंपला वेगळा

माझं नाव कुसुम, पण ह्या गल्लीत कुसुम म्हणून विचारलंत तर कोणी घर दाखवणार नाय. कोंबड्यांच्या खड्यावाली काकू कुठे राहते असं विचारायचं, चिंचपोकळीपासून करी रोडपर्यंत कुणालाही विचारा, हाताला धरून आणून सोडेल. बसा ना. तिकडे नको, ह्या बाजूला बसा, तिकडे जिन्याखाली खुराडा आहे, वास येतो. आम्हाला येत नाय, आमची सवय झाली, पण तुम्ही चांगले कपडे घालून आलाय. आणि तो टक्‌टक् आवाज येतोय ना बाहेरनं, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, आमचे हे ओट्यावर बसलेत, त्यांचं काम चाललंय, दुपारी जेवायला उठतील तेव्हाच थांबेल.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, खाडीच्या अगदी तोंडावर. बाप लहानपणीच गेला, आई कालवं काढायची, म्हणजे खडकाला ती शिंपली घट्ट चिकटलेली असते, पाणी उतरलं की कोयत्याच्या टोकाने फोडून आतलं मऊ मऊ काढून घ्यायचं आणि बाजारात नेऊन विकायचं. तिसऱ्या म्हणतात त्या शिंपल्याही आणायची, सगळंच आणायची. घरामागे शिंपल्यांचा हा एवढा ढीग, आणि त्या ढिगावर दिवसभर आमच्या कोंबड्या. मी लहान असताना हाकलायला जायची, तर आई ओरडायची, अगो खांव दी तेंका, कोंबयेक दात नाय, खडे गिळल्याबिगर तिका दाणो पचाचो नाय, आणि शिंपलो खाल्ल्याबिगर अंड्याक कवच येवचा नाय. एवढंच माझं शिक्षण. शाळेत पण गेले मी, नाय असं नाय, पण शाळेतलं काय आठवत नाय आणि हे मात्र आयुष्यभर पुरलं, काय सांगू तुम्हाला.

स्थळ आलं मुंबईचं. लोकांनी आईला सांगितलं, मुलगा दगड फोडतो. आई बोलली, दगडच फोडता ना, डोकी तर फोडणा नाय? झालं लग्न. आता हे दगड फोडत नव्हते, टाकी लावायचे. तुमच्या घरी मिक्सर असेल, तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मसाला त्याच्यावर नुसता सरकतो, वाटला जात नाय. मग टाकीवाला यायचा, छिन्नी-हातोडीने पाट्यावर बारीक बारीक खड्डे पाडायचा, की पाटा परत खरखरीत. ह्यांचे वडील गिरणगावात तेच करायचे, त्यांच्यामागे हे. खांद्याला गोणपाटाची पिशवी, आणि हाक अशी द्यायचे, टाकीऽऽये पाट्याला टाकीऽ, की तिसऱ्या माळ्यावरची बाई मसाल्याचा हात तसाच घेऊन गॅलरीत यायची. लालबागच्या खानावळींचे पाटे ह्यांच्याकडे, दादरच्या उडप्यांचे रगडे ह्यांच्याकडे. आणि हात काय होता हो! टाकी अशी रांगेत पडायची, पट्टी लावून मारल्यासारखी, आणि पाट्याच्या डोक्याला एक छोटा मासा काढायचे, कोणी मागो न मागो. बायका पाटा आणायला आल्या की आधी मासा बघायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माणूस बोलत तर काहीच नाय, सगळं बोलणं त्या माशातच संपवतो की काय. आजपण तसंच आहे. मी बोलते त्यांच्या वाटचं.

माहेराहून येताना मी दोन कोंबड्या आणल्या. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या, सून भांडीकुंडी आणते, हिने कोंबड्या आणल्या. पण अंडी सुरू झाल्यावर गप्प झाल्या, रोज सकाळी अंडं घ्यायला त्याच पहिल्या खुराड्याशी. तर त्या कोंबड्या ह्यांच्या गोणपाटापाशी जायला लागल्या. हे ओट्यावर गोणपाट पसरून त्याच्यावर पाटा ठेवून टाकी लावायचे, खाली काळ्या दगडाची कपची पडायची, तांदळाएवढी, डाळीएवढी, आणि ह्या दोघी येऊन टिपतायत. हे हाकलायला गेले. मी घरातनं ओरडले, अहो खाऊ द्या त्यांना, दात नाहीत त्यांना! अगदी माझ्या आईसारखी. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग मी समजावलं, तुम्ही कलेजीबरोबर पोटा खाता ना, तो रबरासारखा चिवट असतो ना, ती कोंबडीची गिरण. त्यात खडे असतात, ते एकमेकांवर घासून दाणे भरडतात. तुमचा पाटा आणि तिचा पोटा, काम एकच. तेव्हा हसले पहिल्यांदा. लग्नाला बरेच महिने झाले होते, तोवर मी त्यांचे दात नव्हते बघितले.

तिथनं हे सुरू झालं बघा. टाकीचा कचरा आम्ही आधी गटाराच्या कडेला टाकायचो. मी तो चाळायला लागले. एका चाळणीतनं पिल्लांचा बारीक, दुसरीतनं मोठ्या कोंबडीचा. आणि खानावळीतनं शिंपल्या आणायच्या, त्या तर लोक फुकट देतात, वर आभार मानतात. पण तशाच नाय द्यायच्या. त्यांना मसाला लागलेला असतो, मीठ असतं, मीठ कोंबडीला वाईट. गरम पाण्याने धुवायच्या, कडकडीत उन्हात वाळवायच्या, तव्यावर भाजायच्या, की हातावर दाबलं तरी तुटतात, मग कुटायच्या. पीठ नाय करायचं. पीठ खाली बसतं, कोंबडी चोचीने काय चाटणार आहे? तुकडा पाहिजे, पोटात हळूहळू विरघळला पाहिजे, कारण अंड्याचं कवच रात्री बनतं, ती झोपलेली असते तेव्हा. म्हणून संध्याकाळी बघा तुम्ही, खुराड्यात जायच्या आधी शिंपल्यापाशी गर्दी करतात. आणि शिंपला मिळाला नाय तर कोंबडी काय करते ठाऊक आहे? अंडं थांबवत नाय, स्वतःच्या हाडातलं काढून घालते. बायकांचीच जात ती.

आणि माझा नियम एकच, पहिल्या दिवसापासून. खडा वेगळा, शिंपला वेगळा. दोन करवंट्या, नारळाच्या, एकीत काळा खडा, एकीत शिंपला. एकत्र करायचं नाय, खाण्यात मिसळायचं नाय. ज्याला जे पाहिजे ते तो घेईल. कोंबडा शिंपल्याकडे ढुंकून बघत नाय, त्याला कुठे अंडं घालायचंय? कोंबडीला अक्कल नाय म्हणतात ना लोक, मी सांगते, आपल्याला किती लागतं ते तिला बरोबर कळतं. लग्नाच्या पंगतीत माणसाला कळत नाय.

गिऱ्हाईक कसं वाढलं विचाराल तर तोंडातोंडी. माझगावच्या जुन्या वाड्यांत ख्रिश्चन लोकांकडे अंगणं आहेत अजून, तिकडे कोंबड्या. कोळीवाड्यात कोंबड्या. कबुतरवाले येतात, कबुतराला पण खडा लागतो. मिक्सर आले, टाकी कमी झाली, माणसं बोलली आता तुमचं कसं होणार, मी बोलले आमचं होईल, कोंबडीला अजून मिक्सर बसवला नाय कोणी. आता तर टॉवरमधले लोक येतात, त्यांचे कर्जतला फार्महाऊस असतात, आमची मुलगी रेश्मा मोबाईलवर त्यांच्या ऑर्डरी घेते. एका बाईंनी मला विचारलं, काकी, ह्याच्यात काही फ्लेवर येतो का. मी बोलले हो, दगडाचा येतो. त्या पण हसल्या. चांगल्या आहेत, अजून नेतात. आणखी एक होते, त्यांनी कॅल्शियम कॅल्शियम करून कोंबड्यांना पानाचा चुना घातला, बिचाऱ्यांची तोंडं भाजली. अशा सगळ्यांना मी रागावते. फुकट रागावते, त्याचा चार्ज नाय.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी तुम्हाला पाठवलंय कोणीतरी.

ह्यांचा हात थरथरायला लागला. उजवा. आधी चहाचा कप वाजायचा बशीवर, मी म्हटलं वय झालं. मग एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाचा पाटा आला, परळची बाई, मिक्सर आहे पण मच्छीचं वाटण पाट्यावरच करणार. हे बसले टाकी लावायला. मी आतनं ऐकतेय, आवाज वेगळाच. ह्यांचा आवाज कसा घड्याळासारखा, आणि त्या दिवशी अडखळतोय. बाहेर येऊन बघितलं तर टाकीच्या रांगा वाकड्या, आणि मासा, काय सांगू तुम्हाला, मासा असा झालेला की माशाला बघून मलाच रडू आलं. ती बाई भली, बोलली छान झालाय. ह्यांनी छिन्नी-हातोडी गोणपाटात गुंडाळली आणि खाटेखाली सरकवली, पार भिंतीपर्यंत. डॉक्टरने कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी थोडं कमी झालं पण थांबलं नाय. लोक पाटे घेऊन यायचे, त्यांना हे परत पाठवायला लागले. मान हलवायची फक्त, नाय म्हणून.

काळा खडा संपत आला. मी तेव्हा शिंपलाच विकत होते जास्त.

आमचा जावई प्रशांत, रेश्माचा नवरा. मी त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाय, असा मुलगा दिवा घेऊन शोधून मिळायचा नाय. मार्बल फिटर आहे, त्या समोरच्या टॉवरमध्ये लाद्या त्यानेच बसवल्यात, ह्यांचे काका ज्या गिरणीत होते तिच्याच जागेवर. अधिक महिना होता, म्हणून जावयाला जेवायला बोलावलेलं, अनारसे केलेले, ताट-वाटी दिली. आणि हा येताना खांद्यावर गोणी घेऊन आला. धाडकन ओट्यावर ठेवली. बोलला, बाबा, तुम्ही आता आराम करायचा, खड्याची काळजी सोडा, हा मार्बलचा चुरा, कटिंगचा, साईटवर असाच पडलेला असतो, मी चाळून पण आणलाय, मापात. उघडून बघतो तर पांढराशुभ्र, साखरेसारखा. माझे तर डोळे दिपले. मी म्हटलं वा! रेश्मा बोलली, आई, हे पॅकेटमध्ये किती मस्त दिसेल.

ह्यांनी वाकून चिमूटभर घेतला, बोटांत चोळला, नखाने खरवडला. आणि परत गोणीत टाकला. मी विचारलं, कसा आहे? हे बोलले, चांगला आहे. बस. आता आमच्यात जावयाच्या हातचं नाकारत नाहीत, आणि अधिक महिन्यात तर नाहीच नाही, त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायणाने गोणी आणली, त्याला कोण सांगणार की परत ने? आणि दुसरं मला मागनं कळलं. ह्यांच्या मनाने घेतलेलं की आता आपली गरज संपली. पोरगा प्रेमाने बोलतोय आराम करा, पण ह्यांना ते तसं ऐकू आलं नाय.

माल खपला हो! लोकांना पांढरा रंग आवडतो. काळ्या खड्यापेक्षा जास्त गेला. आणि इथे हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. आधी ओट्यावर तरी बसायचे, ते बंद झालं. पेपर वाचायचे, तो बंद झाला. जेवण अर्धं ताटात. मी बडबड करायची, गल्लीतल्या बातम्या सांगायची, नवीन काय नवीन काय, एका कानाने आत आणि तिथेच अडकलेलं, दुसऱ्या कानापर्यंत पण जात नव्हतं. मी कोंबड्या बघते ना आयुष्यभर, एखादी कोंबडी अशी कोपऱ्यात जाऊन पिसं फुगवून उभी राहते, तिला रोग नसतो, ताप नसतो, पण मला कळतं की ही आता जाणार. मला भीती वाटली. मी कशाला खोटं बोलू, ह्या खोलीत मी तेव्हा पदर तोंडात धरून रडलेय. माझा माणूस माझ्यासमोर बसलाय आणि हातातनं चाललाय.

आणि मग एका सकाळी फ्लोरी आंटी आली. माझगावची, माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, म्हातारी आहे पण आवाज चर्चच्या घंटेसारखा. गल्लीच्या तोंडापासनंच, कुसुम, अगं कुसुम, तुझा माल बदलला काय गं? रुमालातनं अंडं काढलं. बघितलं तर कवचावर बारीक बारीक पुटकुळ्या, खरबरीत, घामोळ्या आल्यासारखं. बोलली, अंडी अशी येतात, आणि कोंबड्या हडकल्या, हात लावला तर छातीचं हाड लागतं, शिटलेलं बघितलं तर ज्वारी अख्खीच्या अख्खी बाहेर! मी सांगते तुला, खातात पण अंगाला लागत नाय. आणि एक डबा काढला पिशवीतनं. एक कोंबडी तिने रविवारच्या जेवणाला कापलेली, तिचा पोटा न उघडता तसाच ठेवलेला, फ्रिजमध्ये. बोलली, हे तूच उघड, माझ्यासमोर.

एरवी रेश्मा आणि प्रशांत रविवारी येतात, पण त्या दिवशी नेमके आलेले होते, गोणी द्यायलाच. दुसरी गोणी. मी मनात म्हटलं, देवा, आता जावयासमोर काय निघतंय ह्याच्यातनं. विळी घेतली, ओट्यावर बसले आणि पोटा मधोमध चिरला.

ज्वारी. भरलेली, फुगलेली, एक दाणा भरडलेला नाय. त्याच्यात पांढरे खडे, पण कसे, चोखून चोखून संपत आलेल्या खडीसाखरेसारखे, बोटात धरले तर निसटतात. आणि दोन काळे. दोनच. मुगाएवढे, गुळगुळीत, चकचकीत. मी ते पाण्याने धुतले, हातावर घेतले, आणि मला काय झालं ते मला ठाऊक नाय, मी तशीच उठून आत गेले, रक्ताचे हात तसेच, आणि ह्यांच्या मांडीवर ह्यांचा तळहात उघडा करून ते दोन खडे ठेवले. बोलले, ओळखा.

ह्यांनी ते अंगठ्याने फिरवले.  मग बोलले, माझेच आहेत. जुने आहेत, झिजलेत. मी बोलले, हो झिजलेत, पण अजून ड्युटीवर आहेत, त्यांच्याबरोबर आलेले नवीन सगळे विरघळून गेले. पण एवढ्या कोंबडीची गिरण दोघंच किती चालवणार?

बाहेर प्रशांत उकिडवा बसून तो पोटा बघत होता. पांढरा तुकडा बोटात चोळत होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला, आई, माझं चुकलं. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, किचनच्या ओट्यावर लिंबू कापू नका, चिंचेचं भांडं ठेवू नका, आंबट मार्बलला खातं. पोटात तर आंबटच असणार ना सगळं. मी रोज सांगतो लोकांना आणि माझ्या डोक्यात आलं नाय. मार्बल दळायला राहतच नाय, विरघळून जातो, शिंपल्यासारखाच. म्हणजे शिंपला पण तेच, हा पण तेच, दोन्ही करवंट्यांत एकच माल. म्हणून अंड्यांवर एवढं कवच चढलंय, आणि दळायला कोणी नाय. असं म्हणून त्याने गोणीचं तोंड बांधायला घेतलं, चेहरा एवढासा झालेला. रेश्मा माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. जावई दारात खाली मान घालून गोणी बांधतोय, ह्याच्यासारखं वाईट काय दिसतं सांगा मला.

आणि हे उठले. भिंतीला धरून बाहेर आले, किती दिवसांनी ओट्यावर आले, आणि गोणीवर हात ठेवला. थरथरणारा हात. बोलले, राहू दे. खडा चांगला आहे, करवंटी चुकली. हा शिंपल्याच्या करवंटीत घालायचा. खानावळी बंद असतात तेव्हा शिंपले कमी पडतात तुझ्या सासूला. तू आणत जा. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नात पण नव्हतं ऐकलं. प्रशांतचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! जावयाचा मान पण राहिला आणि कोंबडी पण राहिली. हे बोलत नाहीत म्हणून लोक ह्यांना साधे समजतात, मी समजत नाय.

फ्लोरी आंटी काय ऐकणार आहे? तिने कमरेवर हात ठेवला, ते ठीक आहे, पण काळा खडा कुठे आहे, माझ्या कोंबड्या काय खाणार, पांढऱ्याच्या गोष्टी? ह्यांनी हात बघितला स्वतःचा. बोलले, आता टाकी रांगेत पडत नाय.

बघा, मी खूप बोलते, सगळे सांगतात खूप बोलते, पण आयुष्यात एक वाक्य मी वेळेवर बोलले ते हे. मी बोलले, अहो, कोंबडीच्या पोटात रांग कोण बघतंय?

आंटी एवढी हसली की तिला पाणी द्यायला लागलं. प्रशांत हसला, रेश्मा हसली. हे नाय हसले. हे माझ्याकडे बघत होते, पहिल्यांदा बघितलेलं ना, कोंबड्यांना दात नाहीत सांगितलं तेव्हा, तसं. मग प्रशांतला बोलले, खाटेखाली पिशवी आहे, पार भिंतीला लागलीय, तुझा हात पोचेल.

आता दगड म्हणाल तर दगडाला तोटा नाय. चाळी रिकाम्या होतात, लोक टॉवरमध्ये जातात, तिकडे पाटा ठेवायला जागा नसते, आणि पाटा-वरवंटा कचऱ्यात टाकायला कोणाचं मन होत नाय. ज्या वरवंट्याला बारशात कुंची घालून पाळण्याखालनं फिरवलाय, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणून, तो कचऱ्याच्या गाडीत कसा टाकणार? मग आणून आमच्या ओट्यावर ठेवतात, काका तुम्ही बघा काय ते. काही पाट्यांवर ह्यांनीच काढलेला मासा असतो. पाटा फोडतात हे. आधी नमस्कार करतात, माशाचा तुकडा बाजूला काढून ठेवतात, मग बाकीचा फोडतात. वरवंटा नाय फोडत. मी एकदा बोलले, चांगला कडक काळा दगड आहे, किती खडा होईल, तर बोलले, ते पोर आहे. त्या जिन्याखाली बघा रांग लावून ठेवलेत. रेश्माला दिवस गेलेत, आता त्यातलाच एक कुंची घालायला काढायचाय, ह्यांनी निवडून ठेवलाय, मला दाखवत नाहीत कुठला.

फ्लोरी आंटीच्या कोंबड्या सुधारल्या. सुधारणारच. तिने पहिली अंडी मला आणून दिली, टणक, गुळगुळीत. तुम्हाला पण देते दोन जाताना, आमच्या तांबडीची. टोपाच्या कडेवर फोडायला जाल तर दोनदा मारायला लागेल, सांगून ठेवते.

हात तसाच आहे ह्यांचा. थोडा वाढलाच असेल. डॉक्टर बोलले की हा जायचा नाय. नाय तर नाय. कधी छिन्नी सटकते, अंगठ्याला लागतं, हळद लावते मी. एक काम जे दिवसाचं होतं ते आता दोन दिवसांचं होतं, होऊ दे, कोंबड्या काय घड्याळ लावून बसल्यात? पेपर परत वाचतात. ताट चाटूनपुसून. मी आत चुलीशी असले तरी माझा एक कान त्या आवाजावर असतो. टक्‌टक् चाललंय म्हणजे माझं घर चाललंय. बाकी मला कोणाकडे काही मागायचं नाय, देवाने सगळ्यांना आपापल्या दगडाएवढं बळ द्यावं आणि त्याला गिऱ्हाईक द्यावं, बस.

थांबा हं. आवाज बंद झाला.

थांबा, बघू दे मला. अहो! अहो, काय झालं?

नाय, नाय. काही नाय. या, तुम्ही पण बघा, दारातनं बघा, पुढे जाऊ नका, बुजेल ती. तांबडी आलीय. गोणपाटावर चढून पुढ्यातला खडा टिपतेय, म्हणून हे हातोडी वर धरून बसलेत. तो हात बघा कसा थरथरतोय. पण तिचं होईपर्यंत खाली नाय आणणार.

बसा. तिचं झालं की सुरू होईल.